दार एक, नोंदी अनेक

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसरा दिवस, ज्यांच्या नावाचं हे नाट्यगृह त्या गायक-नट केशवरावांच्या जयंतीचा होता. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१३ साली ज्याची पायाभरणी झाली आणि १९१५ साली जे ‘पॅलेस थिएटर’ म्हणून खुलं झालं, त्या वास्तूचं छप्पर, रंगमंच आणि प्रेक्षागृह त्या रात्री जळालं. राख निवायच्या आतच कोल्हापूरकरांची मागणी सुरू झाली: नाट्यगृह जसं होतं तसंच पुन्हा उभं राहिलं पाहिजे.

‘जसं होतं तसं’ हे बोलायला सोपं आहे. अभियंत्याच्या टेबलावर आलं की त्याचे शेकडो प्रश्न होतात. छपराच्या कैच्या कशाच्या होत्या, किती अंतरावर होत्या, भिंतीत कुठं टेकल्या होत्या? दगडी बांधकामाचा दर्जा कोणता, सांध्यात चुना होता की नंतर कुणी सिमेंट भरलं? कोणतं दार शंभर वर्षांपूर्वीचं आणि कोणतं मधल्या एखाद्या नूतनीकरणातलं? वायरिंग कुठून कुठं गेलं होतं? अशा कुठल्याही जुन्या सार्वजनिक इमारतीची माहिती नसते असं नाही. ती जुन्या नकाशांत असते, अंदाजपत्रकांत असते, मोजमाप पुस्तकांत असते, ठेकेदाराच्या बिलांत असते, फोटोंत असते आणि तिथं तीस वर्षं दिवे लावलेल्या माणसाच्या डोक्यात असते. फक्त या सगळ्या ठिकाणी एकाच दाराला वेगवेगळ्या नावानं हाक मारलेली असते, आणि त्या हाका एकमेकींना ऐकू जात नाहीत.

गेल्या दोन-तीन दशकांत बांधकामाच्या जगात यावर एक उपाय रुळला. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे बोलीभाषेत ‘बिम’. कागदावरच्या रेषांऐवजी इमारतीची एक त्रिमितीय प्रतिकृती संगणकात बांधायची आणि तिच्यातल्या प्रत्येक भिंतीला, दाराला, पाइपला त्याची माहिती चिकटवायची. जुन्या कॅड नकाशात, म्हणजे संगणकावर काढलेल्या रेखाटनात, भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. त्या रेषांना आपण भिंत आहोत हे ठाऊक नसतं, ते बघणाऱ्याला ठाऊक असतं. मॉडेलमधल्या भिंतीला मात्र आपली लांबी, जाडी, साहित्य आणि आपल्यात बसवलेली दारंखिडक्या माहीत असतात. भिंत सरकवली तर दार सोबत सरकतं.

अशा मॉडेलच्या प्रात्यक्षिकांवर माणसं भाळतात. पडद्यावर इमारत गरागरा फिरते, छप्पर उचलून आत डोकावता येतं, आणि मंत्र्यांपासून महापालिकेपर्यंत सगळे माना डोलावतात. खरं काम त्यानंतरचं आहे, आणि ते दिसायला अगदी कंटाळवाणं आहे. एका मध्यम इमारतीच्या मॉडेलमध्ये हजारो वस्तू असतात. त्या कुणीतरी नीट वर्गात बसवल्या नाहीत, तर ते मॉडेल म्हणजे सुंदर चित्र. त्याला प्रश्न विचारता येत नाही.

जुन्या वास्तूच्या बाबतीत हे आणखी ठळक होतं. आज अशा वास्तूची नोंद लेझर स्कॅनरनं करतात. यंत्र मधोमध ठेवलं की ते चहूबाजूंनी किरण फेकतं आणि जिथं किरण आपटला त्या बिंदूचं स्थान टिपतं. काही दिवसांत कोट्यवधी बिंदू जमतात आणि त्या ठिपक्यांच्या ढगात संपूर्ण नाट्यगृह काही मिलिमीटरच्या अचूकतेनं दिसायला लागतं. पण त्यातल्या एकाही बिंदूला आपण दगडाचे की लाकडाचे, खांबाचे की पडद्याचे हे कळत नाही. अचूकता पूर्ण, अर्थ शून्य. अर्थ माणूस घालतो: इथून इथपर्यंतचे बिंदू म्हणजे एक खांब, तो अमुक प्रकारचा, तमुक मजल्यावरचा. हे ‘अमुक’ आणि ‘तमुक’ कोणत्या यादीतून घ्यायचे, हा वर्गीकरणाचा प्रश्न.

वर्गीकरण अवघड का, हे समजायला कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या बाजारात गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, बघा. हमालाला त्याचं वजन महत्त्वाचं, अडत्याला रंग आणि कणी, हिशेबनिसाला कोणत्या शेतकऱ्याचा ते, आणि बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला तो सेंद्रिय की नाही ते. रवा एकच, पण चौघांनी लावलेल्या थप्प्या वेगळ्या होतील. गोदामात थप्पी एकदाच लावता येते, म्हणून तिथं कुणा एकाची सोय बघावी लागते. संगणकात तसं बंधन नाही. एकाच वस्तूला चारही बाजूंनी खूण करता येते आणि हव्या त्या वेळी हवी ती थप्पी लावून घेता येते. बांधकामाच्या आधुनिक वर्गीकरणाची सगळी कळ इथं आहे.

आता नाट्यगृहाचं एक दार घेऊ. प्रेक्षागृहातून व्हरांड्यात उघडणारं, दोन झडपांचं, सागवानी. वास्तुविशारदाच्या दृष्टीनं ते आतली जागा बाहेरच्या जागेशी जोडणारा घटक. सुताराच्या दृष्टीनं चौकट आणि झडपा. अग्निशमन अधिकाऱ्याच्या दृष्टीनं बाहेर पडायचा मार्ग: किती रुंद, कोणत्या दिशेला उघडतं, आगीपुढं किती वेळ टिकतं. अंदाजपत्रक करणाऱ्या शाखा अभियंत्याच्या दृष्टीनं तर ते एक दारच नाही. चौकटीचं लाकूड घनमीटरमध्ये, झडपा चौरस मीटरमध्ये, बिजागऱ्या-कड्या नगावर आणि रंग पुन्हा चौरस मीटरमध्ये. त्यातही पॅनेलच्या दाराला रंगाचं क्षेत्रफळ मोजताना सपाट मापाला प्रत्येक बाजूसाठी १.३० नं गुणायचं, फ्लश दाराला १.२० नं, कारण पॅनेलच्या खाचाखोचांना जास्त रंग लागतो. मॉडेलमधलं एक दार अंदाजपत्रकात असं चार ठिकाणी विखुरतं. आणि उद्या नाट्यगृह चालवणाऱ्या व्यवस्थापकाला यातलं काहीच नको असतं. त्याला हवं असतं की हे दार शेवटचं कधी दुरुस्त झालं आणि त्याच्या कुलपाची किल्ली कोणती.

ग्रंथालयशास्त्रानं या अडचणीशी फार आधी झुंज दिली आहे. मेल्विल ड्यूई यांची दशांश पद्धत १८७६ सालची. तिनं ज्ञानाचं झाड मानलं: खोडाला फांद्या, फांदीला डहाळ्या, आणि प्रत्येक पुस्तकाला एकच डहाळी. परिणाम असा की वास्तुकलेचं पुस्तक ७२० ला जातं, इमारत बांधणीचं ६९० ला आणि स्थापत्य अभियांत्रिकीचं ६२४ ला. नाट्यगृहाच्या इमारतीवरचं पुस्तक ७२५ मध्ये सार्वजनिक वास्तूंजवळ बसतं, रंगमंचावरच्या प्रयोगाचं ७९२ मध्ये. ज्याला नाट्यगृह बांधायचंय त्याला या साऱ्या कपाटांपुढं हिंडावं लागतं.

या एकाच फांदीच्या सक्तीतून वाट काढली ती एका भारतीयानं. एस. आर. रंगनाथन, तमिळनाडूतल्या शियाळीचे, मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथं सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचं खेळणं पाहिलं. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, आणि जोडणी बदलली की वेगळी वस्तू. विषयांचंही असंच करता येईल, असं त्यांच्या मनात आलं. आधीच सगळ्या विषयांची तयार यादी करायची नाही. विषयाचे मूळ पैलू ठरवायचे आणि लागेल तशी जोडणी करायची. १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. तिचे पाच मूलभूत पैलू म्हणजे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. भारतातल्या ग्रंथालयांतसुद्धा ती पद्धत मर्यादितच वापरली गेली, हे कबूल करायला हवं. चिन्हं किचकट होती. पण पैलूंचा विचार मात्र लंडनमध्ये रुजला. १९५२ मध्ये तिथं स्थापन झालेल्या क्लासिफिकेशन रिसर्च ग्रुपनं तो उचलून धरला.

बांधकामात तोच विचार जवळजवळ त्याच सुमाराला स्वीडनमधून आला. लार्स मॅग्नस गिएर्त्स या वास्तुविशारदाच्या पुढाकारातून १९५० च्या आसपास तिथं एसएफबी ही पद्धत तयार झाली, आणि पुढं ब्रिटननं ती सीआय-एसएफबी या नावानं आपलीशी केली. गिएर्त्सनी रंगनाथनांकडून ती घेतली असं म्हणणं धाडसाचं होईल. वाट मात्र तीच होती. सीआय-एसएफबीत बाहेरची भिंत म्हणजे (२१), विटांचं किंवा ठोकळ्यांचं बांधकाम म्हणजे एफ, आणि भाजलेली माती म्हणजे जी२. तिन्ही जोडले की (२१) एफ जी२: भाजलेल्या विटांची बाहेरची भिंत. आतल्या भिंतीतलं दार-झरोका (३२), बाहेरच्या भिंतीतलं (३१). ब्रिटनमधल्या वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत कित्येक वर्षं विटा, काचा, नळ विकणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं याच आकड्यांनी फडताळात लावलेली असत. संगणक यायच्या कितीतरी आधी पैलूंची सवय त्या धंद्याला लागली होती.

अमेरिकेनं वेगळी वाट धरली. तिथं ठेकेदार आणि कामाची विभागणी केंद्रस्थानी होती. मास्टरफॉरमॅट ही त्यांची यादी दीर्घकाळ १६ विभागांची होती. २००४ मध्ये ती ५० पर्यंत वाढवली गेली, कारण यंत्रणा, संगणक-जाळी, सुरक्षा हे सारं जुन्या सोळात मावेना. तिच्यात ०३ म्हणजे काँक्रीट, ०४ दगड-विटांचं काम, ०८ दारंखिडक्या, ०९ गिलावा-रंग वगैरे अंतिम कामं. सोबत युनिफॉरमॅट नावाची दुसरी यादी आहे, जी कामाच्या नव्हे, इमारतीच्या भागाच्या अंगानं बघते: ए म्हणजे पाया, बी बाहेरचं कवच, सी अंतर्भाग, डी यंत्रणा. इमारतीचा विचार करणारा युनिफॉरमॅट वापरतो, कंत्राट लिहिणारा मास्टरफॉरमॅट. या आणि इतर याद्या एकत्र आणून ऑम्निक्लास नावाचे १५ तक्ते केले गेले. ब्रिटनमध्ये १९९७ साली युनिक्लास आलं आणि २०१५ मध्ये त्याची नव्यानं मांडणी झाली. त्यात ईएन तक्ता वास्तूसाठी, एसएल जागेसाठी, ईएफ घटकाच्या कार्यासाठी, एसएस प्रणालीसाठी, पीआर बाजारात मिळणाऱ्या वस्तूसाठी. ईएफ_२५_१० म्हणजे भिंती, ईएफ_२५_३० म्हणजे दारंखिडक्या, ईएफ_३०_१० म्हणजे छप्परं. आणि या सगळ्यांच्या वर आयएसओ १२००६-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते स्वतः कोणतीच यादी देत नाही. यादी करायचीच असेल तर कोणत्या तक्त्यांची असावी आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, एवढंच सांगतं. मला हे शहाणपणाचं वाटतं. जगभराच्या विटांना एकच क्रमांक लावायला निघालेली समिती आजही बैठकाच घेत बसली असती.

इथपर्यंत वाचून एखाद्या शाखा अभियंत्याला हसू येईल. म्हणेल, वर्गीकरण आम्हाला काय सांगता, आमच्याकडं आहेच. आणि ते खरं आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मानक विनिर्देशांना सगळे ‘रेड बुक’ म्हणतात. त्यात इमारतीच्या कामांना अक्षरं दिली आहेत: बीडी-ए म्हणजे खोदाई, बीडी-ई साधं काँक्रीट, बीडी-एफ आरसीसी, बीडी-जी वीटकाम, बीडी-एच दगडकाम, बीडी-एल गिलावा. अंदाजपत्रकात सळईचा आयटम आला की त्याखाली बीडी-एफ-१७ हा संदर्भ असतोच. दरसूचीतली, म्हणजे ठरलेल्या दरांच्या यादीतली, कामं याच विनिर्देशांना बांधलेली. केंद्रीय बांधकाम विभागाच्या दिल्ली दरसूचीत तर दुरुस्ती, पाडकाम आणि वारसा वास्तूंचं जतन यांना स्वतंत्र प्रकरणं आहेत. कसं मोजायचं याचं मानक आयएस १२०० हे भागाभागांत आहे: भाग १ खोदाई, भाग २ काँक्रीट, भाग ३ वीटकाम, भाग ४ दगडकाम, भाग १२ गिलावा, भाग २१ लाकूडकाम. गवंडी आणि वाळूवाला ‘ब्रास’मध्ये बोलला तरी मोजमाप पुस्तकात घनमीटरच लिहायचं, हेही ठरलेलं.

तेव्हा आपल्याकडं वर्गीकरण नाही ही तक्रार चुकीची. आपल्याकडं आहे ते एकाच पैलूचं आहे: काम आणि त्याचा दर. ते ‘किती पैसे’ या प्रश्नाला चोख उत्तर देतं. ‘कुठं’, ‘कशासाठी’ आणि ‘पुढं काय’ या प्रश्नांपुढं मात्र ते मुकं होतं. अंदाजपत्रकात गिलाव्याचे साडेतीन हजार चौरस मीटर एका ओळीत असतात. त्यातले रंगपटाचे किती आणि प्रेक्षागृहाचे किती, हे मोजमाप पुस्तकाची पानं उलटल्याशिवाय सांगता येत नाही. बिल मंजूर झालं की ती पानं कपाटात जातात.

गिलाव्याचंच उदाहरण पुढं नेतो, कारण मॉडेल आणि दरसूची यांची टक्कर तिथं उघड दिसते. सहा मीटर लांब आणि साडेतीन मीटर उंच भिंत. एका बाजूचं क्षेत्रफळ २१ चौरस मीटर, दोन्ही बाजूंचं ४२. तिच्यात १.२ मीटर बाय २.१ मीटरचं एक दार, म्हणजे २.५२ चौरस मीटरचं भगदाड. संगणकाला विचाराल तर तो दोन्ही बाजूंनी दार वजा करून ३६.९६ सांगेल. भूमिती म्हणून ते अचूक आहे. आयएस १२०० च्या भाग १२ प्रमाणे मात्र अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची भगदाडं वजा करायचीच नाहीत. अर्ध्यापासून तीनपर्यंतची, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर, एकाच बाजूला वजा करायची. आणि तीनच्या वरची दोन्ही बाजूंना वजा करून त्यांच्या आतल्या कडांचा गिलावा वेगळा मोजायचा. दाराच्या कडा गवंड्याला घासूनपुसून कराव्या लागतात, त्यांची मजुरी या नियमात धरलेली आहे. म्हणून बिलात ३९.४८ येतील. पुन्हा त्याच भिंतीच्या विटा मोजताना नियम निराळा: तिथं सूट फक्त ०.१ चौरस मीटरपर्यंत. एकाच दाराची वजावट विटांना एक, गिलाव्याला दुसरी.

हे सगळं मॉडेलला शिकवता येतं, पण तेव्हाच, जेव्हा त्या पृष्ठभागावर ‘हा गिलावा आहे, बीडी-एल गटातला आहे’ अशी खूण असेल. खूण असली की तो कोणत्या नियमानं मोजायचा हे संगणक ठरवतो. नसली की तो भूमिती सांगत बसतो, ठेकेदार नियम सांगत बसतो आणि दोघंही बरोबर असतात. बिमनं ‘मोजमाप आपोआप’ होतं, या जाहिरातीच्या खाली बारीक अक्षरांत हे लिहायला हवं होतं.

आगीच्या संदर्भात आणखी एका वर्गीकरणाकडं बघायला हवं. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ची आवृत्ती, इमारतींचे वापरानुसार गट पाडते. ए निवासी, बी शैक्षणिक, सी रुग्णालयं वगैरे संस्था, डी जनसमूह जमण्याच्या जागा, ई कचेऱ्या, एफ दुकानं, जी कारखाने, एच गोदामं आणि जे धोकादायक. मधला आय गाळला आहे. नाट्यगृह गट डी मध्ये. पण तिथं थांबत नाही: रंगमंच आणि पक्क्या खुर्च्या असून आसनं हजाराच्या वर असतील तर डी-१, हजारापर्यंत असतील तर डी-२. बाहेर पडायच्या वाटांपासून आग विझवायच्या यंत्रणेपर्यंत बरंच काही या एका अक्षरावर आणि आकड्यावर ठरतं. मॉडेलमध्ये हा गट फक्त इमारतीला नव्हे, प्रत्येक जागेला लावता आला पाहिजे. कारण एकाच छपराखाली प्रेक्षागृह जनसमूहाचं असतं, तिकीटखिडकीमागची खोली कचेरी असते, आणि रंगमंचामागची जुन्या नेपथ्याची खोली खऱ्या अर्थानं गोदाम असते: लाकडी चौकटी, कापड, रंग. आगीच्या दृष्टीनं सगळ्यात जास्त जळाऊ माल असलेली ही खोली नकाशावर बहुतेक वेळा ‘स्टोअर’ एवढीच लिहिलेली सापडते. ‘या इमारतीतल्या गोदाम-गटाच्या सगळ्या जागा आणि त्यांना लागून असलेली दारं दाखव’, असा प्रश्न ज्या मॉडेलला विचारता येतो, ते मॉडेल तपासणी अधिकाऱ्याच्या कामाचं. खुर्च्यांचा मखमली रंग दाखवणारं मॉडेल उद्घाटनाच्या फलकावर छान दिसतं.

महाराष्ट्रात अशा खुणा लावलेल्या मॉडेलवर मोठ्या प्रमाणावर काम करून पाहिलं ते नागपूर मेट्रोनं. सुमारे ४० किलोमीटरचा पहिला टप्पा. पहिली गाडी मार्च २०१९ मध्ये धावली, पूर्ण टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. ती बांधणाऱ्या महामेट्रो कंपनीनं तिथं ‘फाइव्ह-डी बिम’ उभारलं. तीन मिती आकाराच्या, चौथी वेळेची, पाचवी खर्चाची. मॉडेलं आणि कागदपत्रं बेंटलीच्या प्रणालीत, वेळापत्रक प्रायमाव्हेरामध्ये, हिशेब सॅपमध्ये आणि सांगड घालायला आरआयबी कंपनीचं आय-टू. चार प्रणाली, चार कंपन्या. स्थानकाचा एखादा खांब मॉडेलमध्ये एक आकृती आहे, वेळापत्रकात एक काम आहे, हिशेबात एक रक्कम आहे. ही तिन्ही एकाच खांबाबद्दल बोलतायत हे संगणकाला कळायचं तर तिन्हीकडं समान संकेतांक हवा. कामाची उतरंड आधी ठरवायची, तिला क्रमांक द्यायचे आणि मगच मॉडेल काढायला बसायचं. उलट केलं, म्हणजे आधी मॉडेल आणि नंतर क्रमांक, तर काय होतं ते बिमचं काम करणारा कोणीही सांगेल: शेवटच्या आठवड्यात चार पोरं रात्री जागून हजारो वस्तूंना अंदाजानं क्रमांक लावत असतात.

मेट्रोचं एक सोपं असतं. सगळं नवं, आणि बरंचसं एकसारखं. कोल्हापुरातल्या जुन्या वास्तूत प्रत्येक गोष्ट अपवाद होऊ पाहते. रंगमंचाच्या फळ्यांतलं झाकण उचलून खाली उतरायची वाट असेल तर ती जमीन की दार? नाट्यगृहाला लागून खासबाग कुस्ती मैदान आहे. दोन्ही मिळून एक संकुल मानायचं की दोन वास्तू? मधली भिंत सामाईक असेल तर तिची नोंद कुणाच्या खात्यात? गंगावेशीतल्या जुन्या घराचा सोपा सकाळी बैठक असतो, दुपारी वाळवणाची जागा आणि रात्री झोपायची खोली. जागा तिच्या वापरावरून ओळखा, असं सांगणारा तक्ता तिथं गोंधळतो. माझं मत असं की अशा ठिकाणी परिपूर्ण उत्तर शोधत बसू नये. एक उत्तर निवडावं, ते का निवडलं हे लिहून ठेवावं आणि सगळ्या मॉडेलभर तेच पाळावं. झाकणाला जमीन म्हटलं तरी चालेल. एका मजल्यावर जमीन आणि दुसऱ्यावर दार म्हटलं तर नाही चालणार.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरमधूनच येते. मॉडेल काढणाऱ्याला आकार जमवायचा असतो, म्हणून तो हाताशी असेल ते साधन वापरतो. भिंतीच्या साधनानं तिकीटखिडकीचा ओटा काढतो, फरशीच्या साधनानं छज्जा. सॉफ्टवेअर मग ओट्याला भिंत म्हणूनच ओळखतं. हे मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्यासाठी आयएफसी नावाचा खुला साचा वापरतात. तो आयएसओ १६७३९ या मानकात बांधलेला आहे. त्यात भिंत, दार, तुळई अशा प्रत्येक वस्तूला ठरलेला प्रकार असतो, आणि कशातच न बसणाऱ्यांसाठी ‘प्रॉक्सी’ नावाचा एक प्रकार. घाईत निर्यात केलेल्या फाइलींमध्ये या प्रॉक्सींचा बुजबुजाट असतो. जुन्या वास्तूची कोरीव दगडी कमान, महिरप, लाकडी कठडा, सगळे बिचारे प्रॉक्सी. म्हणून काढायचं साधन आणि वर्गीकरणाची खूण यांची गल्लत करू नये. आयएफसीत एका वस्तूला एकाहून अधिक वर्गीकरणांचे संदर्भ जोडायची सोय आहे. ओटा भिंतीच्या साधनानं काढला असला तरी त्याच्यावर ‘बैठा फर्निचर-घटक’ अशी खूण आणि विनिर्देशातल्या बीडी क्रमांकाची खूण, दोन्ही राहू शकतात.

खुणा किती कराव्यात? इथं हौस आवरावी लागते. युनिक्लासचे सगळे तक्ते, ऑम्निक्लासचे पंधरा, दरसूची, संहिता, हे सारं प्रत्येक वस्तूला लावायला बसलात तर ते कोणी भरणार नाही, आणि भरलं तर खोटं भरेल. सार्वजनिक वास्तूसाठी मला चार रकाने पुरेसे वाटतात: कोणती जागा, कोणता घटक, बीडी क्रमांक, आणि वस्तू जुनी, दुरुस्त की नवी. चौथा रकाना परदेशी पद्धतींत सहसा वेगळा नसतो, पण जळालेल्या नाट्यगृहासारख्या ठिकाणी सगळ्यात मोठा वाद त्याच्यावरच होतो. मूळ दगड किती राहिला आणि नवा किती बसवला, हे दहा वर्षांनी कोणी विचारलं तर उत्तर मॉडेलमधून निघालं पाहिजे, ठेकेदाराच्या आठवणीतून नव्हे.

तिसऱ्या रकान्याबद्दल एक सावधगिरी. दरसूची नव्यानं निघते तेव्हा दर बदलतात, कामं वाढतात, आणि आयटमचे अनुक्रमांक पुढंमागं सरकतात. मॉडेलमध्ये तो अनुक्रमांक लिहून ठेवला तर पुढच्या सूचीत तो दुसऱ्याच कामाकडं बोट दाखवील. विनिर्देशाचा क्रमांक मात्र तसा सरकत नाही. म्हणून वस्तूवर बीडी क्रमांक लिहावा आणि त्या-त्या वर्षाचा अनुक्रमांक व दर एका वेगळ्या तक्त्यात ठेवून दोन्ही जोडावेत. तो तक्ता विभागातच कोणीतरी एकानं सांभाळायचा असतो, नव्या सूचीसोबत तपासायचा असतो, आणि प्रत्येक सल्लागार कंपनीला आपापला तक्ता करू द्यायचा नसतो.